झुलीवरची गाय

यामिनीच्या घरात डायनिंग टेबल होतं, पण त्यावर बसून कुणी जेवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. टेबल भिंतीला सरकवलेलं, त्यावर लोकरीच्या लडी, वाकड्या सुया, कात्र्या. आणि झुंबराखाली जिथे माणसांनी बसायचं तिथे एक लाकडी चौकट उभी. त्या चौकटीवर कुणाचा ना कुणाचा गालिचा कायम ताणलेला. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या त्यांच्या गल्लीत सगळी घरं एकाच साच्यातली, विटांची, दोन गाड्यांच्या गॅरेजची. पण कुरियरवाला यामिनीचं घर बरोब्बर ओळखायचा, कारण तिच्याकडे येणारं पार्सल नेहमी गुंडाळलेलं, लांबोडकं आणि जड असायचं.

जुने गालिचे दुरुस्त करणं हे तिचं काम. मुंबईत टेक्स्टाइल शिकली, लग्नानंतर ह्यूस्टनला येऊन एका इराण्याच्या गालिच्यांच्या दुकानात काही वर्षं लोकर रंगवता रंगवता नखं रंगवून घेतली, आणि मग घरीच चौकट मांडली. कसरीनं खाल्लेली जागा ती अशी भरून काढायची की गालिच्याच्या मालकालाही ती पुन्हा सापडू नये. कामाच्या बाबतीत मात्र बाई भारी कडक. चौकटीच्या आसपास चहाचा कप दिसला तरी तिचं डोकं फिरायचं. तिचा नवरा गिरीश पाइपलाइनवाल्या कंपनीत इंजिनिअर. तो तिला म्युझियमची वॉचमन म्हणायचा.

२००६ च्या त्या ऑक्टोबरात वॉचमनला सातवा महिना लागला होता. आधी दोन वेळा पोटातलं टिकलं नव्हतं. पहिल्यांदा सगळ्यांनी समजूत काढली, दुसऱ्यांदा समजूत काढायलाही कुणी पुढे आलं नाही. त्यामुळे या खेपेला घरात आनंद असा कुणी मोकळेपणानं करत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वाढ ठीक आहे, ठोके ठीक आहेत, पण बाळाची हालचाल कमी वाटतेय, लक्ष ठेव. झालं. यामिनी दिवसभर एक हात पोटावर ठेवून दुसऱ्या हातानं काम करायला लागली. आत काही हललं की तिचा श्वास सुटायचा, आणि ते फार क्वचित हलायचं.

बाळंतपणासाठी सांगलीहून तिची आई आली होती. शुभाताईंनी आल्या आल्या डिंकाचे लाडू केले, गिरीशच्या ग्रिलवर वांगी भाजली, आणि त्या चौकटीपुढे खुर्ची टाकून बसायला लागल्या. चौकटीवर त्या वेळी डॅलसच्या हेमचंद्र काकांची झूल होती.

हेमचंद्र काका म्हणजे रिटायर्ड हार्ट सर्जन. तरुणपणी दोन वर्षं इराणमधल्या हॉस्पिटलात होते, तेव्हापासून गालिच्यांचं वेड. ही झूल त्यांच्या संग्रहातली लाडकी. तुर्कमेन लोकांत नवरी सासरी निघाली की तिच्या उंटाच्या कुशीवर अशी पाच कोनांची झूल टाकत. नवरीच ती विणायची म्हणे, किंवा तिच्या घरच्या बायका. बहुतेक झुलींवर नुसती वेलबुट्टी असते. या झुलीवर मात्र मंजिष्ठेच्या गडद लाल जमिनीवर जनावरांच्या ओळी होत्या, शेपट्या वर केलेल्या, सगळी एकाच दिशेनं चाललेली. आणि प्रत्येकाच्या पोटात, जिथे पोट असावं तिथेच, एक छोटं जनावर विणलेलं.

"नवरीला लेकरं व्हावीत म्हणून," यामिनीनं आईला सांगितलं.

"कळलं मला. न सांगता कळतंय ते," शुभाताई म्हणाल्या.

झुलीची किनार उसवली होती, आणि खालच्या ओळीतलं एक जनावर कसरीनं खाऊन टाकलं होतं. चार खुरं आणि पार्श्वभागाचा थोडा काठ, एवढंच उरलं होतं. यामिनीनं लोकर रंगवली, उभे धागे नव्यानं ओढले आणि शेजारच्या जनावरावरून बघत बघत एकेक गाठ मारून ते पुरं केलं. पोटातलं पिल्लूसुद्धा. पिल्लाला तिनं जरा जास्तच वेळ दिला. गाठी मारताना आपण मनात काय म्हणत होतो, हे तिनं गिरीशलाही सांगितलं नाही.

मग वसुबारस आली.

आता वसुबारसेला लेकरांच्या आयुष्यासाठी गाय-वासराची पूजा करायची, त्याला सवत्स गाय हवी. टेक्सासात गाईंना काय तोटा. गिरीशनं सासूबाईंना गाडीत घालून रिचमंडच्या पुढच्या एका रँचपर्यंत नेलंही, पण काटेरी तारांच्या पलीकडे दूरवर लांब शिंगांचे ठिपके चरत होते, आणि फाटकावर आत येऊ नका अशी दमदाटीची पाटी. शुभाताई ताटातली फुलं कोमेजायच्या आत परत आल्या.

संध्याकाळी यामिनी कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून घरी आली तर तुपाच्या वातीचा वास. चौकटीपुढे पाट मांडलेला. पाटावर निरांजन, बाजरीची भाकरी, गवारीची भाजी. शुभाताई डोळे मिटून बसलेल्या, ओंजळीत अक्षता. आणि खालच्या ओळीतल्या त्या जनावराच्या, यामिनीनं नव्यानं विणलेल्या जनावराच्या, कपाळावर ओलं हळदीकुंकू.

"आई, काय करतेयस हे?"

"पूजा. खाली बसून हात हिच्यापर्यंतच पोचतो माझा."

"अगं, ही गाय नाहीये."

"चार पाय, शेपूट, पोटात वासरू. मग कोण आहे?"

यामिनीला त्या प्रश्नाचाच जास्त राग आला. ते जनावर कोणतं याबद्दल जाणकारांत एकमत नव्हतं. कुणी घोडी म्हणत, कुणी सांडणी, कुणी वाघाच्या जातीतलं काहीतरी. काका म्हणत, जिनं विणलं तिला विचारा.

"कोण आहे ते कुणालाच माहीत नाही. आणि हे दुसऱ्याचं आहे, आई. लोकरीपुढे दिवा लावलायस. ऊठ आधी."

"उठते. आवाहन केलंय, बसवलंय तिला, नैवेद्य दाखवलाय. तेवढा निरोप देऊ दे, मग उठते."

"ऊठ म्हटलं ना."

शुभाताई उठल्या. ओंजळीतल्या अक्षता त्यांनी पदरात बांधल्या. यामिनी निरांजन उचलायला वाकली आणि तशीच थांबली, कारण पोटात आतून एक दणका बसला होता. मग दुसरा. इतके महिने जे चोरपावलांनी हलत होतं, ते दार ठोठावल्यासारखं लाथा मारायला लागलं. ती पाटाशेजारी जमिनीवर बसली आणि रडली. शुभाताईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. भांडण तिथेच राहिलं, आणि निरोपही.

सकाळी ती कापूस आणि पाणी घेऊन चौकटीपाशी गेली. कुंकू कुठेच नव्हतं. डागही नाही, ओलही नाही. कदाचित आईनं पुसलं असेल. आई म्हणाली, मी हात लावला नाही. यामिनीनं पुढे विचारलं नाही. पोटातलं मजेत होतं आणि तिला दुसरं काही नको होतं.

पण डॉक्टरीणबाईंकडे गेलं की बाळ गप्प. पोटावर पट्टे बांधून तासभर निजवलं, संत्र्याचा रस पाजला, कुशीवर वळवलं. मशीनवरची रेघ सपाट नाही, पण मरगळलेली. डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू आक्रसत गेलं. पुढच्या खेपेला असंच राहिलं तर अॅडमिट करू, म्हणाल्या. परतीच्या वाटेवर यामिनी दोन्ही हात पोटावर दाबून बसली. आणि गाडी त्यांच्या गल्लीत वळली, घर दिसायला लागलं, तशा लाथा सुरू झाल्या.

पुढच्या खेपेला तेच, ठोके ठीक म्हणून अॅडमिट करणं तेवढं टळलं. बाहेर गप्प, घरी दणके. घरातही बेडरूममध्ये कमी, चौकटीपाशी जास्त. यामिनीनं चौकटीलगत गादी घालून घेतली.

"यार, कोइन्सिडन्स आहे," गिरीश म्हणाला. "घरी तू रिलॅक्स असतेस, दॅट्स ऑल."

त्यानंतरच्या तपासणीला रेघ अशी उसळली की नर्सनं आवाज कमी केला. डॉक्टरीणबाई खूश. बाळानं डोकं खाली घेतलंय, आता काही काळजी नाही, म्हणाल्या. यामिनीला हलकं हलकं वाटत होतं. गाडीत बसल्यावर तिचं लक्ष गिरीशकडे गेलं. किल्ली हातात धरून तो नुसता बसून होता.

"डिकीत आहे ती," तो म्हणाला. "झूल. मी तुझी गंमत करणार होतो. म्हणजे, डिकीत असून पण बाळ हललं नाही, तर तुला सांगणार होतो की बघ, तुझा वहम होता."

गिरीश घाबरला होता आणि त्यानं ते लपवलं नाही.

घरी येऊन त्यांनी झूल पुन्हा चौकटीवर ताणली. यामिनीनं दिवा जवळ ओढला. शेजारच्या जनावरांच्या पोटातली पिल्लं आईसारखीच उभी, पुढे बघणारी. हिच्या पोटातलंही तसंच होतं. तिनं स्वतः विणलं होतं, गाठ न् गाठ हाताखालून गेली होती. आता त्या पिल्लाचं डोकं खाली होतं.

तिनं झूल उलटून पाठ पाहिली. एकही गाठ सुटलेली नव्हती. उभे धागे ताठ, आडवे धागे जागच्या जागी. तिच्याच हाताचं काम होतं ते, चोख. ती बोटांनी चाचपत राहिली आणि पोटात बाळ संथपणे हलत राहिलं.

"आज रात्री मी उत्तरपूजा करते," शुभाताई म्हणाल्या. "बोलावलेल्याला निरोप द्यावा लागतो, यामू. घरात असं ताटकळत ठेवू नये."

"आणि निरोप दिल्यावर बाळ गप्प झालं तर?"

शुभाताईंनी वळायला घेतलेली वात खाली ठेवली.

"आत्ता नको, आई. बाळ हातात येऊ दे. मग काय हवं ते कर."

हे ती बोलली तेव्हा तिला बरोब्बर माहीत होतं ती काय करतेय. ते कोण आहे, गाय आहे की आणखी काही, याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं. राखतंय ना, राखू दे. हेमचंद्र काकांचा फोन आला, प्रदर्शन आहे, झूल कधी देतेस. तिनं सांगितलं, लाल रंग मनासारखा उतरत नाहीये. काका हसले. म्हणाले, तुझं बाळंतपण होऊ दे, माझी नवरी थांबेल तोवर.

डिसेंबरात मुलगी झाली. गोरी, गुटगुटीत, रडली ती सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, डिकीत, झूल होतीच. दुसऱ्या दिवशी शुभाताई आणि यामिनी हॉस्पिटलातच होत्या, तेवढ्यात गिरीशनं डॅलसला फोन करून काकांना बोलावून घेतलं आणि झूल त्यांच्या गाडीत ठेवून दिली. ती घरात असताना त्याला मुलीला घरी आणायचं नव्हतं. सासूबाईंना त्यानं नंतर सांगितलं. त्या पहिल्यांदाच त्याच्यावर चिडल्या. "निरोप राहिला ना, गिरीशराव," एवढंच म्हणाल्या, आणि उठून गेल्या.

मुलीचं नाव सावनी ठेवलं. दूध प्यायची, झोपायची, वजन धरत होती. एकच गोष्ट होती, ती कुणाकडे बघत नसे. मान एका बाजूला वळवून ठेवायची. दूध पितानाही डोळे तिकडेच. यामिनी तिची हनुवटी हलकेच आपल्याकडे वळवी, बोट काढलं की मान परत तिकडे. यामिनीला त्याचं वाईट वाटायचं. इतकं सोसून आणलेलं मूल, एकदा तरी आपल्याकडे बघावं ना.

मुलांचे डॉक्टर म्हणाले, मान आखडली असेल, पाळण्याची दिशा बदला. त्यांनी बदलली. सावनीची मान दुसऱ्या अंगाला वळली, पण बघत ती त्याच भिंतीकडे होती. पाळणा दुसऱ्या खोलीत नेला, तीच दिशा. उत्तर, जराशी डावीकडे. गिरीशनं टेक्सासचा नकाशा डायनिंग टेबलावर पसरला आणि पट्टी लावली. पट्टी डॅलसवरून गेली.

"ठीक आहे," यामिनी म्हणाली. "बघू दे. ती तिथे, आपण इथे."

जानेवारीत काकांचा फोन आला. किनार फार सुरेख झालीय, म्हणाले, प्रदर्शनात सगळ्यांनी नावाजली. मग जरा अडखळले.

"फक्त खालच्या ओळीत तू ती जागा मोकळी का सोडलीस, बेटा? मला आठवत होतं की तू जनावर भरलंयस. तिथे नुसता लाल रंग आहे. विणला छान आहेस, तक्रार नाही. पण मला वाटलं होतं, भरशील."

यामिनीनं फोन गिरीशकडे दिला.

त्या आठवड्यात सावनीची मान हलायला लागली. एकदम नाही. आज भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, उद्या कॅलेंडरच्या उजवीकडे, परवा खिडकीच्या चौकटीकडे. गिरीश रोज नकाशावर पट्टी लावत होता. डॅलसहून ह्यूस्टनला येणारा पंचेचाळीस नंबरचा हायवे त्याची पट्टी रोज कापत होती, आणि रोज थोडी खाली कापत होती. गाडीच्या वेगानं नाही. पायी चालणाऱ्याच्या चालीनं.

मग पट्टी ह्यूस्टन शहरावर आली, आणि तिथून इकडे येणाऱ्या एकोणसाठ नंबरच्या रस्त्यावर. त्या दिवशी गिरीशनं नकाशा घडी करून ठेवला आणि ऑफिसला सुट्टी टाकली.

शुभाताईंनी वसुबारसेच्या, इतके दिवस जपून ठेवलेल्या अक्षता वाटीत काढल्या होत्या. "समोर असल्याशिवाय निरोप देता येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि समोर आलेली मला दिसेल का, हे मला माहीत नाही."

दुपार होती. बाहेर लख्ख ऊन, कुणाच्या तरी लॉनवर मशीन चाललेलं. गिरीश दाराला टेकून उभा. शुभाताई देवघराशी. यामिनी सोफ्यावर, मांडीवर सावनी. सावनी गल्लीच्या तोंडाकडच्या भिंतीकडे बघत होती.

लॉनचं मशीन बंद झालं.

सावनीची मान वळू लागली. भिंतीवरून खिडकीकडे. खिडकीतून दाराच्या कडेकडे. हळूहळू, न थांबता. मग दारावर येऊन थांबली.

"आई," यामिनी म्हणाली.

शुभाताईंनी मूठ भरून अक्षता घेतल्या. पण कुठे टाकायच्या, हे त्यांना कळेना. दार बंद होतं. गिरीश दारापासून बाजूला झाला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सावनीचे डोळे दारावरून खाली उतरले. पायपुसण्यावर. पायपुसण्यावरून आत, लाकडी जमिनीवर. झुलीच्या रिकाम्या चौकटीपर्यंत गेले, तिथे जरा रेंगाळले, आणि पुन्हा निघाले. सोफ्याच्या दिशेनं.

यामिनीनं लेकीला छातीशी धरलं. "माझ्याकडे बघ," ती पुटपुटली. "सावनी, इकडे. माझ्याकडे बघ ना गं."

सावनीनं तिच्याकडे पाहिलं नाही. तिची नजर सोफ्यापाशी आली आणि यामिनीच्या गुडघ्यांलगत, जमिनीपासून हातभर उंचीवर, स्थिर झाली. मग तिचा सगळा चेहरा उजळला, आणि ती आयुष्यात पहिल्यांदा हसली, बोळकं उघडून, ओळखीचं माणूस भेटावं तसं.

यामिनीनं आपले पाय हळूच सोफ्यावर घेतले.